मिक्सरवरून पेटलेलं भांडण आणि घराचा जमाखर्च

तुमचा प्रश्न मला असा समजला. लग्नाला सहा वर्षं झाली, पुण्यात दोघंही नोकरी करता, एक मुलगी आहे. नवऱ्याच्या हातात महिन्याला ८८,००० येतात, तुमच्या ५४,०००. चार वर्षांपूर्वी ४५ लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घेतला, तो नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. हप्ता ते भरतात, घरखर्च तुम्ही बघता. ते गावी आईवडिलांना १२,००० पाठवतात, तुम्ही तुमच्या आईला ५,०००. गेल्या महिन्यात तुम्ही ६,८०० चा मिक्सर त्यांच्या क्रेडिट कार्डावर घेतला, मेसेज त्यांच्या फोनवर गेला आणि आठवडाभर घरात अबोला. त्याआधी त्यांनी गाडीला २४,००० चे टायर टाकले, तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. तुमचं म्हणणं, पैसे पुरेसे असून आम्ही भांडतो का? आणि शेवटी विचारलंय, हे उत्तर त्यांना दाखवू का? दोन्हीबद्दल सांगते.

आधी पैसे खरंच पुरेसे आहेत का ते बघू. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. तुमच्याकडून जातं ते असं: किराणा ११,०००, दूध-भाजी-फळं ८,०००, मुलीची फी आणि व्हॅन ९,०००, पाळणाघर ६,०००, कामाच्या मावशी ४,५००, वीज-गॅस-इंटरनेट ४,०००. बेरीज ४२,५००. आईला पाठवले की हातात ६,५०० राहतात. त्यांच्याकडून हप्ता ३९,०५२, सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, पेट्रोल ६,०००, गावी १२,०००, एसआयपी १०,०००, विम्याचे ३,०००. त्यांच्याकडे उरतात साधारण १४,४५०. दोघांचे मिळून २१,००० च्या आसपास. कागदावर छान दिसतं.

पण या यादीत दिवाळी कुठे आहे? गणपतीला गावी जाणं? तुमच्यासारख्या घरात वर्षाचे जे खर्च महिन्याच्या यादीत कधीच येत नाहीत, ते मी साधारण असे धरते: दिवाळी, पाडवा, भाऊबीज मिळून १८,०००, गणपतीचं जाणं-येणं १२,०००, लग्नं, मुंजी, बारशी यांचे आहेर २०,०००, जूनमधली पुस्तकं, गणवेश, दप्तर १४,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग २२,०००, डॉक्टर, दात, चष्मा १५,०००, घरातली मोडतोड आणि उपकरणं १५,०००, सुट्टीतला एक प्रवास ४०,०००. झाले १,५६,०००, म्हणजे महिन्याला १३,०००. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण एकूण रक्कम फार बदलत नाही. त्यातून अधिक महिना आला की धोंड्याचं वाण आणि जावयाचा मान आहेच.

म्हणजे २१,००० पैकी खरे उरतात ८,०००. दोन पगार, एक मूल, गृहकर्ज असलेल्या घरात ही वाईट स्थिती नाही, पण 'पुरेसे' हा शब्द तिला बसत नाही. 'पैसे आहेत ना मग?' असं दोघांनाही वाटत असतं आणि महिनाअखेर खातं रिकामं दिसलं की प्रत्येकाला वाटतं, समोरच्याने उडवले. प्रत्यक्षात ते कुणीच उडवलेले नसतात. जूनची फी आणि मावसबहिणीच्या लग्नाचा आहेर यांत ते गेलेले असतात. जोडप्यांच्या भांडणांतला बराचसा दारूगोळा या न मांडलेल्या वार्षिक खर्चांतून येतो. तुमच्या मिक्सरचंही तसंच झालं. हातात ६,५००, मिक्सर ६,८०० चा, म्हणून कार्ड निघालं. आणि कार्ड निघालं म्हणून मेसेज गेला.

आता ते भांडण जरा जवळून बघू. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून त्याचा क्रम असा दिसतो. 'हे काय घेतलंस?' 'मिक्सर. जुन्याचं भांडं गळत होतं.' 'सांगायचं तरी.' 'तुम्ही टायर टाकले तेव्हा सांगितलंत?' 'टायर गरजेचे होते.' 'आणि मिक्सर चैन आहे?' 'मग तुझा पगार जातो कुठे?' 'तुमच्या घरात जातो.' आणि मग, 'पाच हजार दर महिन्याला कुणाच्या घरात जातात?'

पहिली तीन वाक्यं मिक्सरची आहेत. टायर निघाले तिथे मिक्सर संपला. मग प्रश्न आला कुठली गरज खरी हे ठरवायचं कुणी, मग घर कुणाचं, मग आईवडील कुणाचे मोठे. चार वेगळे प्रश्न एकाच श्वासात आले, त्यामुळे एकही सुटला नाही. अमेरिकेत शंभर जोडप्यांकडून पंधरा दिवस रोजनिशा लिहून घेतल्या होत्या. त्यावरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं की मुलं आणि घरकाम यांवरून खटके जास्त वेळा उडतात. पैशावरचे त्यामानाने कमी, पण ते जास्त तीव्र असतात, पुन्हा पुन्हा निघतात आणि मिटवायचा प्रयत्न जास्त होऊनही मिटत नाहीत. आपल्याकडची घरं वेगळी असली तरी हे वर्णन मला ओळखीचं वाटतं. न मिटण्याचं कारणही साधं आहे. भांडण ज्या वस्तूवर होतं, ती वस्तू त्याचं कारण नसतेच.

तुमच्या घरातलं मुख्य कारण माझ्या मते वाटणीत आहे. एकाचा पैसा उरतो आणि एकाचा जिरतो. हप्ता, एसआयपी, विमा हे उरणारे खर्च. दहा वर्षांनी त्यांचे कागद असतात, त्यावर नाव असतं. किराणा, दूध, पाळणाघर, व्हॅन हे जिरणारे. महिन्याच्या तीस तारखेला त्यांचा मागमूस राहत नाही. 'मोठे खर्च तू बघ, घरातलं मी बघते' ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सोयीची म्हणून होते, त्यात कुणाचा डाव नसतो. पण ती वर्षानुवर्षं तशीच राहिली की एकाच्या मनात 'घर मी उभं केलं' पक्कं होतं आणि दुसरीला विचारावंसं वाटू लागतं, मी इतकी वर्षं काय केलं?

आकड्यांत बघा. तुम्ही आजच्या दराने महिन्याला ४२,५०० घरात घालता, पगाराच्या जवळजवळ ७९ टक्के. ते हप्ता, मेंटेनन्स आणि पेट्रोल मिळून ४८,५५० घालतात, पगाराच्या ५५ टक्के. चार वर्षांत, आजचाच दर धरला तर, तुमचे २०,४०,००० जिरले. त्यांनी ४८ हप्त्यांत १८,७४,००० च्या वर भरले. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरली (तुमच्या हप्त्यावरून तेवढीच निघते) तर यातले मुद्दल म्हणून फिटले फक्त ४ लाख ९ हजार. बाकीचे १४ लाख ६५ हजार व्याज. हे त्यांनाही बहुधा माहीत नसेल. 'घर मी घेतलं' म्हणणाऱ्या माणसाच्या हप्त्यातला सोळा आण्यांपैकी बारा आणे भाग सध्या व्याजातच जिरतोय, आणि तुम्ही किराणा भरला नसता तर तोही भरता आला नसता. हे सुनावण्यासाठी सांगत नाही. दोघं एकाच विहिरीतून पाणी काढताय, फक्त बादल्या वेगळ्या आहेत, एवढंच दाखवायचंय.

कायद्याची बाजू इथे जरूर समजून घ्या, कारण बऱ्याच सुशिक्षित घरांतही ती माहीत नसते. गोव्यात तिथल्या नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची संपत्ती समाईक धरली जाते. महाराष्ट्रात तसं नाही. इथे ज्याच्या नावावर करारनामा आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), तो मालक. किराणा, फी, पाळणाघर यांवर कितीही पैसे घातले तरी त्यातून घरावर आपोआप नाव लागत नाही.

त्याहून अडचणीची जागा म्हणजे सहकर्जदार असणं पण सहमालक नसणं. कर्जाची पात्रता वाढावी म्हणून बँका पत्नीचा पगार धरतात, ती सही करते, आणि करारनाम्यावर नाव एकट्या नवऱ्याचं. अशा वेळी कर्ज फेडायची जबाबदारी तिच्यावर पूर्ण, घरावरचा मालकी हक्क शून्य. तुमची कर्जाची फाइल काढा आणि पहिल्या पानावर तुमचं नाव आहे का ते बघा. असेल, तर घरावर नाव लावायचा विषय तुम्ही संकोच न करता काढू शकता. महाराष्ट्रात पत्नीला राहतं घर बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. त्यावरचे स्थानिक अधिभार मात्र दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, आणि कर्ज चालू असताना बँकेची लेखी परवानगी लागते. उलटा प्रकारही होतो. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, म्हणून ७० लाखांच्या फ्लॅटवर ७०,००० वाचवायला घर बायकोच्या नावावर होतं, हप्ता नवरा भरतो, आणि पाच वर्षांनी तोच सल त्याच्या मनात. नावं कुणाची लावायची हे सवलतीवरून ठरवू नये.

नाव लावणं आज शक्य नसेल तर निदान जिरणारे आणि उरणारे खर्च दोघांत मिसळा. हप्त्यातला काही भाग तुम्ही भरा, किराण्यातला काही भाग त्यांनी. एवढ्या एका बदलाने 'तुझा पगार जातो कुठे' हे वाक्य बंद होतं, कारण किराणा ११ चा १३ हजार झाला की तो त्यांच्याही खिशाला कळतो.

ही मिसळण करायची पद्धत. एक संयुक्त खातं काढा, 'दोघांपैकी कोणीही' व्यवहार करू शकेल असं. आपापली पगाराची खाती राहू द्या. शिवाय एक वेगळं बचत खातं, फक्त वार्षिक खर्चांसाठी. पगार एक तारखेला होत असेल तर दोन तारखेला दोघांच्या खात्यांतून ठरलेली रक्कम संयुक्त खात्यात आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या, आणि हप्ता पाच तारखेला तिथून कापू द्या. 'आठवणीने टाकीन' यावर ठेवू नका. ज्याला आठवण करून द्यावी लागते तो सावकार वाटतो आणि ज्याला करून दिली जाते तो कर्जदार.

किती टाकायचे? निम्मे-निम्मे हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण ८८ आणि ५४ हजारांत निम्म्याचा भार सारखा नसतो. पगाराच्या प्रमाणात टाकलं तर तुमचं प्रमाण ६२:३८ येतं. हप्ता, मेंटेनन्स, घरखर्च, पेट्रोल आणि वार्षिक खर्चाचे विम्यासकट १६,००० असे सगळे मिळून साधारण १,०७,००० होतात. त्यात त्यांचे ६६,३४० आणि तुमचे ४०,६६०. उरलेल्यातून ज्याने त्याने आपापल्या घरी पैसे पाठवायचे आणि बचत करायची. बऱ्याच जोडप्यांना हे बसतं. तुम्हाला बसणार नाही, कारण गावचे १२,००० आणि एसआयपीचे १०,००० काढले की त्यांचं खातं ३४० रुपयांनी उणे जातं, आणि बचत तरीही एकट्याच्या नावावरच राहते.

म्हणून तुमच्यासाठी दुसरी पद्धत सुचवते. दोन्हीकडच्या आईवडिलांचे १७,००० आणि बचतीचे १०,००० हेही संयुक्त खात्यातूनच जाऊ द्या. एकूण १,३४,०००. त्यांनी ८४,००० टाकायचे, तुम्ही ५०,०००. प्रत्येकाकडे राहतात ४,०००, दोघांकडे सारखे. हे ४,००० बिनहिशेबी. त्यातून कुणी मित्रांबरोबर मिसळ खावी, कुणी साडी घ्यावी, कुणी साठवावे. विचारायचं नाही, टोमणाही मारायचा नाही. रक्कम सारखी ठेवण्यामागे कारण आहे. पगार कमीजास्त असला तरी घरातली माणसं कमीजास्त नसतात, आणि उद्या दोघांपैकी कुणाची नोकरी सुटली किंवा दुसऱ्या बाळंतपणात तुम्ही घरी राहिलात तर बाकीचे आकडे बदलतील, हा भाग दोघांना सारखाच राहायला हवा. हातखर्चासाठी हात पसरावा लागणं, अगदी चांगल्या नवऱ्यापुढेही, हळूहळू माणसाला लहान करतं.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, वार्षिक खर्चाचं खातं मे महिन्यात सुरू केलं तर जूनची फी आली तेव्हा त्यात १६,०००च असतात, मग 'ही पद्धत चालत नाही' म्हणून सोडून दिली जाते. ते जुलैत सुरू करा, नाहीतर दिवाळीच्या बोनसमधून सुरुवातीलाच ४०-५० हजार टाका. दुसरं, तुमच्याकडे अडीअडचणीची गंगाजळी दिसत नाही. तुमच्या घराचा अत्यावश्यक खर्च ९१,००० आहे. तीन महिन्यांचे २,७३,००० हवेत. एसआयपी थांबवा म्हटलं की नवरे दचकतात, पण ही रक्कम जमेपर्यंत ते १०,००० आवर्ती ठेवीत टाका, साधारण सव्वादोन वर्षं. नंतर एसआयपी पुन्हा सुरू करा, दोघांच्या नावे पाच-पाच हजारांची. गंगाजळी नसलेल्या घरात अडचण क्रेडिट कार्डावर जाते. 'किमान देय रक्कम' भरत राहिलात तर तिथे महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

आता मिक्सर आणि टायरचा मुद्दा. मराठीत 'सांगणं' आणि 'विचारणं' हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. तुमच्या उत्पन्नाला मी अशी मर्यादा ठेवीन: संयुक्त खात्यातून ३,००० पर्यंत काहीच नाही, ३,००० ते १५,००० आधी सांगायचं, १५,००० च्या वर विचारायचं, म्हणजे दोघांचं 'हो' लागेल. सांगणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. 'मिक्सर गेलाय, शनिवारी नवीन घेतेय, सहा-सात हजार लागतील' एवढंच. समोरच्याने फार तर 'पुढच्या आठवड्यात घेऊया का' म्हणावं. या नियमाने मिक्सर सांगण्यात बसला असता आणि टायर विचारण्यात. म्हणजे त्या दिवशी नियम असता तर चूक दोघांचीही निघाली असती, त्यांची जरा मोठी. मर्यादा ज्याचा पगार जास्त त्याने एकट्याने ठरवली तर ती ५०० वर येते आणि घराचं जकात नाकं होतं, तेवढं सांभाळा.

माहेरच्या पाच हजारांबद्दल मी स्पष्ट बोलते. त्यांनी गावी पाठवलेले १२,००० 'कर्तव्य' आणि तुम्ही पाठवलेले ५,००० 'माहेरची ओढ', हा फरक निव्वळ सवयीचा आहे, त्याला आधार नाही. कल्याणच्या एका डॉक्टर विवाहितेच्या वडिलांनी तिच्याकडे पोटगी मागितली होती. विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या त्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी आहे. म्हणजे तुम्ही पाठवता ते कायद्यालाही अपेक्षित आहे.

पण न्याय म्हणजे दोन्हीकडे सारखी रक्कम, असंही मी म्हणणार नाही. रक्कम गरजेवरून ठरावी. कुणाला पेन्शन आहे, कुणाच्या सातबाऱ्यावर पिकणारी जमीन आहे, कुणाचा महिन्याचा औषधाचा खर्च किती, घरभाडं आहे का, दुसरं भावंड किती बघतं, हे दोन्ही घरांसाठी एकाच तक्त्यात लिहा. आकडा वर्षातून एकदा बघा, गुढीपाडव्याला म्हणा. अधूनमधून फोन आला म्हणून वाढवू नका, आणि न सांगता तर मुळीच वाढवू नका. लपवून पाठवलेले दोन हजार सापडले की त्याआधीचे सगळे उघड पाठवलेलेही संशयात येतात. दवाखान्याचा मोठा खर्च या रकमेतून निघत नाही, त्याची सोय वेगळी करा. सत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. दोन्हीकडे कुणी सत्तरीपुढचं असेल तर ती कार्डं याच महिन्यात काढा.

नातलगांच्या पैशातला एक प्रकार मात्र पाठवण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. तो म्हणजे जामीन राहणं. भावाच्या किंवा मेहुण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला 'फक्त सही' केली जाते आणि बायकोला दोन वर्षांनी नोटीस आल्यावर कळतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा' असं म्हणून सुटता येत नाही, आणि सहकारी संस्थेच्या वसुलीत पगारातून कपातही होऊ शकते. कुणालाही जामीन राहण्यासाठी दोघांचा होकार लागेल, रक्कम कितीही छोटी असो, हा नियम मी कुठल्याही घरात पहिला लिहायला लावते.

बोलायचं केव्हा, यावर बरंच अवलंबून असतं. पगाराच्या दिवशी नको, रात्री नऊनंतर नको, सासूबाई किंवा आई घरी असताना बैठकीच्या खोलीत नको. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर, मुलगी खेळायला गेली की चाळीस मिनिटं. पहिल्या बैठकीत निर्णय एकही घ्यायचा नाही. दोघांनी आपापल्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास आधी वेगवेगळा बसून चाळायचा, खर्च पंधराएक मथळ्यांखाली लिहायचे, आणि बैठकीत फक्त ते कागद शेजारी ठेवायचे. दुसऱ्या रविवारी वार्षिक खर्च. तिसऱ्या रविवारी खाती आणि मर्यादा. पुढे महिन्यातून एकदा वीस मिनिटं पुरतात. रोजचा खर्च ॲपमध्ये नोंदवायचा उत्साह अनेकांना येतो. तो मला फारसा पटत नाही. तीन आठवड्यांत एक जण नोंदवायचं सोडतो, दुसरा चालू ठेवतो, आणि ती वही जमाखर्चाची न राहता पुराव्याची होते.

एक पथ्य. 'तू' आणि 'नेहमी' हे दोन शब्द एका वाक्यात येऊ देऊ नका. 'तू नेहमी उधळतोस' याला उत्तर नसतं, 'पेट्रोल सहाचं साडेआठ हजार झालं, का ते बघू' याला असतं. तसंच एकमेकांच्या माहेर-सासरचं वळण काढू नका. ज्याच्या घरी एक तारखेला सरकारी पगार यायचा, त्याला शिल्लक म्हणजे सुरक्षितता. ज्याच्या घरी दुकान किंवा शेती होती, त्याने पैसा येताना आणि जाताना दोन्ही पाहिलेला असतो, त्याला हातात आहे तोवर वापरणं शहाणपणाचं वाटतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे दोघांनाही मान्य असतं, फक्त लहानपणी पाहिलेली अंथरुणं वेगवेगळ्या मापांची होती.

हे सगळं तुमच्यासारख्या दोन नियमित पगारांच्या घराला लागू आहे. धंदा असेल तर आधी गल्ला आणि घर वेगळं करून धंद्यातून घराला ठरावीक 'पगार' काढावा लागतो, नाहीतर कुठलाच आकडा खरा नसतो. ऊसबिलावर किंवा द्राक्षाच्या एकरकमी पैशावर घर चालत असेल तर महिन्याचं गणित उपयोगाचं नाही, पैसा हातात आल्याच्या आठवड्यात वर्षाचे खर्च बाजूला काढावे लागतात. एकत्र कुटुंबात निर्णय दोघांचे नसतातच, तिथे वाद कुणाशी आहे हेच आधी शोधावं लागतं.

आणि काही ठिकाणी हा वादच नसतो. एटीएम कार्ड आणि पिन काढून घेणं, पगार परस्पर वळवणं, नोकरी सोडायला लावणं, तुमचे दागिने तुमच्या हाती न देणं याला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्ये आर्थिक छळ म्हटलंय, आणि स्त्रीधन तर संपूर्ण तुमचंच असतं. तिथे रविवारची बैठक सुचवणं चुकीचं ठरेल. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटावं. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही. लपवलेलं कर्ज, ऑनलाइन जुगार, लोन ॲप यांचीही शक्यता दिसत नाही, पण दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढून एकमेकांना दाखवावा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो, आणि जामीन राहिलेली कर्जंही सहसा त्यात दिसतात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. हे उत्तर आज त्यांना पाठवू नका. पाठवलंत तर घरात तिसरं माणूस येतं, तेही तुमच्या बाजूने बोलणारं, आणि त्यांना पहिली गोष्ट वाटेल ती ही की बायकोने घरातलं बाहेर सांगितलं. आधी तुमच्या तीन महिन्यांच्या खर्चाचा कागद तयार करा, त्यात आईचे पाच हजार आणि मिक्सर दोन्ही लिहा, काही वगळू नका. तो त्यांच्यापुढे ठेवून एवढंच म्हणा, 'माझा पगार असा जातो. तुमचाही असाच लिहून बघूया का?' त्यांचा कागद तयार झाला, दोन्ही शेजारी आले आणि वार्षिक खर्चाच्या यादीपर्यंत पोचलात, की मग हवं तर हे वाचायला द्या. त्या वेळी त्यांना यातले काही आकडे चुकीचे वाटतील आणि ते खोडून स्वतःचे लिहितील. लिहू द्या.